पहिला आलेला वाण खरोखरच पहिला आहे का?

पत्राचा सारांश : एका कृषी विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या वाचक लिहितात की, त्यांनी गेल्या रब्बी हंगामात हरभऱ्याचे 11 नवे वाण आणि 1 चेक वाण (तुलनेसाठी ठेवलेला नेहमीचा वाण) अशा 12 वाणांची चाचणी तीन पुनरावृत्त्यांत घेतली. प्रसरण विश्लेषणात (सर्व वाणांच्या सरासऱ्यांची एकत्र तुलना करणाऱ्या पद्धतीत) वाणांमधील फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटू नये इतका मोठा, आला. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून त्यांनी कोणते वाण एकमेकांपासून वेगळे हे ठरवणारी डंकनची चाचणी लावली, तेव्हा सर्वांत वरचा वाण चेकपासून स्पष्टपणे वेगळा निघाला. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी मात्र त्याच कामाची टूकीची चाचणी मागितली, आणि तिच्यात चेकसह वरचे नऊ वाण एकाच अक्षराखाली आले, म्हणजे त्यांच्यात सार्थक फरक दिसला नाही. ‘प्रबंधात डंकन ठेवा, निबंधात टूकी द्या,’ असे मार्गदर्शक म्हणतात. वाचकांना ते खटकते. खरी चाचणी कोणती, 1 ते 12 अशी क्रमवारी छापावी की नाही, आणि गावाकडचे शेतकरी ‘यातला कोणता पेरू?’ असे विचारतात त्यांना काय सांगावे, हे त्यांचे प्रश्न आहेत. दुसऱ्या वर्षाचे पीक सध्या शेतात उभे आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सोबत पाठवलेल्या तक्त्यापासूनच सुरुवात करू. वाणांची नावे इथे देत नाही. उत्पादनाचे आकडे पुरेसे आहेत. सर्वांत वरचा वाण हेक्टरी 2610 किलो, त्यामागे 2480, 2390, 2310, 2240 आणि 2205. सातव्या जागी चेक वाण 2120 वर. मग 2080, 2010, 1940, 1880 आणि सर्वांत खाली 1650. सरासरीची मानक त्रुटी, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, 120 किलो, आणि त्रुटीचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (त्या अंदाजामागची स्वतंत्र माहिती) 22. हे आकडे जसेच्या तसे ठेवून साध्या क्रांतिक अंतराने, म्हणजे आपण ज्याला सीडी म्हणतो त्याने, पाहिले तर दोन वाणांत 352 किलोंचा फरक सार्थक ठरतो आणि अव्वल वाणाच्या गटात चार वाण राहतात. डंकनच्या पद्धतीत ही मर्यादा दोन वाणांच्या मध्ये किती वाण आहेत त्यानुसार 352 पासून 410 पर्यंत वाढत जाते, आणि वरच्या गटात पाच वाण येतात. टूकीच्या पद्धतीत मर्यादा एकदम 617 किलोंवर जाते आणि गट नऊ वाणांचा होतो. वाफे तेच, वजनकाटा तोच, दाणेही तेच. तरी उत्तर कुठे चार, कुठे पाच आणि कुठे नऊ. ‘यातले खरे कोणते?’ हा तुमचा प्रश्न साहजिक आहे. मात्र त्यामागे एक गृहीत आहे की या सर्व चाचण्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतात आणि त्यांपैकी एक बरोबर, बाकीच्या चूक आहेत. ते गृहीत मला तपासून पाहावेसे वाटते.

बारा वाणांतून जोड्या होतात 66. बाराही वाणांची खरी उत्पादनक्षमता अगदी सारखी आहे असे क्षणभर समजा. तरीही प्रत्येक जोडीत 5 टक्के चुकीची मुभा ठेवली, तर सरासरीने तीनाहून अधिक जोड्यांत नसलेला फरक दिसेल. आणि निदान एका जोडीत तो दिसण्याची शक्यता तुमच्यासारख्या चाचणीत 60 टक्क्यांच्या आसपास जाते. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वाणाची जोडी तर आपण आकडे पाहूनच उचललेली असते, त्यामुळे चुकीला सर्वाधिक वाव तिथेच असतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या प्रक्षेत्रावर काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ फिशर यांना ही अडचण ठाऊक होती. आधी एफ चाचणी (प्रसरण विश्लेषणातली एकत्रित चाचणी) सार्थक येऊ द्यावी, मगच जोड्या तपासाव्यात, ही अट त्यांच्याकडूनच आली. आपल्या कृषी विद्यापीठांत पानसे आणि सुखात्मे यांच्या शेतीविषयक सांख्यिकीच्या पुस्तकावर कित्येक पिढ्या वाढल्या, आणि सीडीचा वापर आपल्याकडे इतका अंगवळणी पडला की त्यामागच्या या अटीचे बळ किती आणि मर्यादा कोणती, याची चर्चा मागे पडली.

ती मर्यादा तुमच्याच तक्त्यात दिसू शकते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. एफ चाचणी फक्त एवढेच सांगते की सर्व वाण सारखे नाहीत. समजा, चाचणीत एखादा वाण मर रोगाला बळी पडल्यामुळे फारच मागे राहिला आणि उरलेले अकरा वाण खरोखर सारखे आहेत. त्या एका वाणामुळे एफ सार्थक येईल, दार उघडेल, आणि त्या उघड्या दारातून उरलेल्या 55 जोड्यांना कोणतेही संरक्षण न मिळता आत प्रवेश मिळेल. फक्त तीन गट असतील तर फिशर यांची अट पूर्ण संरक्षण देते. गट वाढले की ते पातळ होत जाते. तुमचा 1650 किलोंचा वाण हा एफ किती उचलतो आहे ते एकदा तपासा. तो वगळावा असे मी सुचवत नाही, कारण आकडे पाहून वाण वगळणे हीही निवडच असते; पण कोणत्या आधारावर दार उघडले ते ठाऊक असावे.

डंकन यांनी 1955 साली जी पद्धत मांडली, तिच्यामागे एक विचारपूर्वक केलेली तडजोड होती. वाणांची संख्या वाढते तशी चुकीची मुभाही वाढू द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्या हिशोबाने बारा सारख्या वाणांत एकही खोटा फरक न दिसण्याची हमी 0.95 चा अकरावा घात, म्हणजे सुमारे 57 टक्के राहते. उरलेल्या 43 टक्के वेळा निदान एक खोटा फरक निघू शकतो. तुमच्या तक्त्याखाली ‘5 टक्के पातळीवर डंकनची चाचणी’ असे लिहिलेले असते, तेव्हा वाचणारा 5 टक्केच समजतो. मला आक्षेपार्ह वाटते ते हे. पद्धत वापरण्यात गैर काही नाही, पण ती कशाची हमी देते आणि कशाची देत नाही हे तक्त्याखाली लिहिले जात नाही. टूकी यांची पद्धत याच्या उलट टोकाला उभी आहे : सर्व 66 जोड्या मिळून एकही खोटा फरक न निघण्याची हमी 95 टक्के. तिची किंमत तुम्ही 617 किलोंच्या मर्यादेत मोजता.

आता टूकी कडक आहे म्हणून अधिक प्रामाणिक, असा जो सूर परीक्षकांच्या शेऱ्यात आहे, तोही मला तसाच स्वीकारता येत नाही. नसलेला फरक दिसणे ही एक चूक, आणि असलेला फरक हातून निसटणे ही दुसरी. पैदाशीच्या सुरुवातीच्या टप्प्यात, जेव्हा शेकडो वंशावळींतून काही पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या असतात, तेव्हा चांगली वंशावळ फेकून देणे अधिक महाग पडते. ठेवलेली कमअस्सल वंशावळ पुढच्या हंगामात आपोआप गळते. अशा वेळी बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी 1995 साली मांडलेला विचार उपयोगी आहे. एकही चूक होऊ नये असा हट्ट न धरता, निवडलेल्यांपैकी चुकीच्या निवडींचे प्रमाण मर्यादेत ठेवणे, हा तो विचार. उलट वाण प्रसारित करण्याची शिफारस करताना खोटा फरक शेतकऱ्याच्या बियाण्याच्या खर्चात उतरतो. तुमची चाचणी या दोन टप्प्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तिचा टप्पा कोणता हे तुमच्या मार्गदर्शकांइतके चांगले दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

मग तुम्हाला नेमके विचारायचे काय होते? तुमच्या सिनॉप्सिसमधले (संशोधनाच्या आराखड्यातले) जे वाक्य तुम्ही पत्रात उद्धृत केले आहे, त्यात उद्दिष्ट ‘चेक वाणापेक्षा सरस वाण ओळखणे’ असे लिहिले आहे. ते पेरणीपूर्वी लिहिलेले आणि मंजूर झालेले वाक्य आहे, आणि या सगळ्या प्रकरणात तुमच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा कागद तोच आहे. त्यात 66 जोड्यांचा प्रश्न नाहीच. चेकशी होणाऱ्या 11 तुलना एवढाच प्रश्न आहे, आणि ‘सरस’ हा शब्द दिशाही ठरवतो. या प्रश्नासाठी डनेट यांची पद्धत 1955 पासून उपलब्ध आहे. तुमच्या आकड्यांवर तिची एकतर्फी (फक्त ‘चेकपेक्षा वर आहे का’ एवढेच पाहणारी) मर्यादा सुमारे 450 किलो येते. अव्वल वाण चेकपेक्षा 490 किलोंनी वर आहे, म्हणून तो सरस ठरतो. दुसरा वाण 360 किलोंनीच वर असल्याने तसे म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे बरोबर होणार नाही. हीच पद्धत दुतर्फी, म्हणजे वर आणि खाली अशा दोन्ही दिशांनी, लावली, तर मर्यादा 500 किलोंच्या किंचित वर जाते आणि तुमचा 490 किलोंचा फरक तिच्या आत राहतो. म्हणजे निकाल अगदी कडेवर उभा आहे. एकतर्फी चाचणी तुम्ही आज, आकडे पाहून, सोयीची म्हणून निवडली असती तर मी तिला विरोध केला असता. ती चालते ती केवळ सिनॉप्सिसमधल्या त्या जुन्या वाक्यामुळे, आणि म्हणून ते वाक्य प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात शब्दशः यायला हवे. शिवाय निकाल ‘सार्थक’ या एका शब्दावर सोडू नका. 490 मधून 450 वजा केले की उरतात 40 किलो. म्हणजे अव्वल वाण चेकपेक्षा हेक्टरी निदान 40 किलो अधिक देतो, एवढेच 95 टक्के खात्रीने म्हणता येते. नुसत्या ‘ए’ अक्षरापेक्षा हे वाक्य वाचणाऱ्याला कितीतरी अधिक सांगते, आणि कडेवरचा निकाल कडेवरचाच दिसू देते.

क्रमवारीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि सगळ्यांत रोचकही. चाचणी तुलना करते. क्रमवारी लावणे हा तिच्यावर आपण टाकलेला अधिकचा भार असतो. तुमच्या तक्त्यातील चेक वाण सातवा आहे. टूकीच्या मर्यादेने पाहिले तर त्याच्याहून निश्चितपणे वर असा एकही वाण नाही आणि निश्चितपणे खाली असाही एक नाही. म्हणजे त्याचा खरा क्रमांक 1 ते 12 यांपैकी कोणताही असू शकतो. अव्वल वाणाखाली निश्चितपणे फक्त तीन वाण आहेत, म्हणून त्याचा क्रमांक 1 ते 9 यांत कुठेही. छापलेल्या क्रमांकांमधून यातले काहीच दिसत नाही, आणि 2240 व 2205 यांच्यातल्या 35 किलोंना पाचवा आणि सहावा अशी दोन वेगळी आसने मिळतात. अक्षरांच्या रांगेतही एक सापळा आहे, तो अनेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. पहिला आणि दुसरा वेगळे नाहीत, दुसरा आणि तिसरा वेगळे नाहीत, पण पहिला आणि तिसरा वेगळे आहेत, असे सहज घडते. म्हणून ‘एबी’ ही ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यामधली स्वतंत्र पायरी नसते. एकच अक्षर मिळालेले वाण ‘समान’ आहेत असेही प्रबंधात लिहू नका. तीन पुनरावृत्त्यांनी त्यांच्यातला फरक ओळखता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘सर्वोत्तम कोण?’ याच प्रश्नासाठी सांख्यिकीत वेगळी वाट आहे आणि ती आपल्या अभ्यासक्रमांत फार क्वचित येते, याचे मला मनापासून वाईट वाटते. 1954 साली बेखहोफर यांनी, आणि त्यानंतर भारतात जन्मलेल्या व पुढे पर्ड्यू विद्यापीठात काम केलेल्या शांतीस्वरूप गुप्ता यांनी, निवड आणि क्रमवारीच्या पद्धती स्वतंत्रपणे विकसित केल्या. गुप्तांची कल्पना अशी की विजेता एकच घोषित करण्याची सक्ती करू नये. असा एक छोटा गट निवडावा की ज्यात खरा सर्वोत्तम वाण असण्याची हमी 95 टक्के आहे. गणित डनेटच्या एकतर्फी मर्यादेवरूनच निघते. तुमच्या बाबतीत 2610 मधून सुमारे 450 किलो वजा करा. 2160 च्या वर असलेले सहा वाण त्या गटात येतात आणि चेक बाहेर राहतो. नऊ नव्हेत आणि चारही नव्हेत, सहा. पण या सहांमागे नेमकी हमी कोणती ते एका वाक्यात सांगता येते. माझी सूचना अशी की प्रबंधात क्रमांकाचा रकाना काढून टाका, वाण उत्पादनाच्या उतरत्या क्रमाने मांडा, प्रत्येकासमोर विश्वासांतर (खरे उत्पादन ज्या मर्यादांत असावे तो पट्टा) द्या, आणि या सहा वाणांखाली ‘सर्वोत्तम असू शकणारे’ अशी रेघ ओढा.

पहिल्या आलेल्या वाणाबद्दल अजून एक सावधगिरी हवी. तो पहिला आला यात त्याचा गुण आहे, तसा त्याला मिळालेल्या वाफ्यांचा अनुकूल योगही आहे. तुमचे एफ मूल्य 5.09 आहे, त्यावरून ढोबळ हिशोब केला तर वाणांमधल्या दिसलेल्या फरकांपैकी चार पंचमांश भाग खरा धरता येतो. सर्वसाधारण सरासरी 2160, अव्वल वाण तिच्याहून 450 ने वर. त्याचे चार पंचमांश म्हणजे 360. म्हणून त्याचे खरे उत्पादन 2610 ऐवजी 2520 च्या आसपास समजणे अधिक रास्त आहे, आणि तेही त्याच शेतापुरते व त्याच हंगामापुरते. थंडी किती पडली, पेरणीच्या वेळी ओल किती होती, यावर हरभऱ्याचे वाण आपापसांत जागा बदलतात. या वर्षी तो वाण तिसरा किंवा चौथा आला तर तुमची गेल्या वर्षीची चाचणी खोटी ठरणार नाही. तसे होणे अपेक्षितच आहे.

आता तुमच्या मार्गदर्शकांविषयी. प्रबंधात एक आणि निबंधात दुसरी चाचणी, ही सूचना त्यांनी तुम्हाला वाचवण्यासाठी केली असावी. परीक्षेच्या वेळी बाहेरचे परीक्षक सवयीची अक्षरे शोधतात हे खरे आहे. तरी तुम्हाला जे खटकले ते योग्यच खटकले. एकाच आकड्यांवरून चेक वाण एका ठिकाणी वेगळा आणि दुसऱ्या ठिकाणी अव्वलाशी जोडलेला छापला गेला, तर उद्या दोन्ही वाचणाऱ्याला उत्तर द्यावे लागेल ते तुम्हालाच. ‘सर, डंकन चूक आहे,’ असे म्हणत त्यांच्याकडे जाऊ नका. तसे ते नाहीही. सिनॉप्सिस घेऊन जा, उद्दिष्टाचे वाक्य दाखवा, आणि ‘हे उद्दिष्ट तपासायला डनेट मुख्य ठेवू का? डंकनचा तक्ता परिशिष्टात देते,’ असे विचारा. निबंधाच्या परीक्षकांनाही हेच उत्तर द्या : मुख्य प्रश्न चेकशी तुलनेचा असल्याने डनेट, आणि सर्व जोड्यांत रस असणाऱ्यांसाठी टूकीचा तक्ता पूरक म्हणून सोबत. दोन्ही ठिकाणी डनेट मुख्य आणि डंकन व टूकी हे दोन्ही तक्ते सोबत असले की लपवण्यासारखे काही उरत नाही.

तुमच्यासारख्या प्रश्नाने इतरही काही वाचकांनी लिहिले आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्यांचे गट म्हणजे नत्राच्या 0, 20, 40, 60 किलो अशा मात्रा आहेत, त्यांनी यांपैकी कोणतीच चाचणी लावू नये. तिथे प्रश्न वक्ररेषेचा असतो, 40 आणि 60 ची अक्षरे जुळतात की नाही याला अर्थ नसतो. ज्यांनी दोन घटकांचे संयोग तपासले आहेत, त्यांनी आधी आंतरक्रिया (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलतो का) पाहावी. शाळांची किंवा रुग्णालयांची क्रमवारी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की कमी विद्यार्थ्यांची शाळा यादीच्या दोन्ही टोकांना अधिक सहजतेने जाते, कारण थोड्या संख्येची सरासरी अधिक हेलकावे खाते. आणि मर्यादा निम्म्यावर आणायची असेल तर पुनरावृत्त्या चौपट लागतात, तीनाच्या बारा. म्हणून चाचणी कोणती यावर जितका वेळ जातो, तितका पेरणीपूर्वी पुनरावृत्त्या आणि ठिकाणे किती हवीत यावर गेला तर अधिक हाती लागेल.

तुमचे दुसऱ्या वर्षाचे पीक अजून उभे आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. काढणीपूर्वी, एकाही वाफ्याचे वजन होण्याआधी, एका पानावर लिहून ठेवा : मुख्य तुलना कोणती, पद्धत कोणती, पातळी किती, दोन वर्षांचे आकडे कसे एकत्र करणार, आणि वाण व हंगाम यांची आंतरक्रिया सार्थक आली तर काय करणार. त्यावर तारीख घाला आणि सरांची सही घ्या. त्यानंतर निकाल काहीही येवो, तुम्हाला चाचणी निवडत बसावे लागणार नाही.

गावाकडच्या शेतकऱ्यांना आज सांगायचे ते असे की, एका वर्षाच्या एका ठिकाणच्या चाचणीत सहा वाण आशादायक दिसले, त्यांतला एक तुमच्या नेहमीच्या वाणापेक्षा सरस निघाला, पण किती सरस ते अजून धड सांगता येत नाही. प्रसारित न झालेले बियाणे तुम्ही देऊही शकणार नाही, आणि देऊ नये. तूर्त नेहमीचाच वाण पेरा म्हणावे, आणि काढणीच्या दिवशी प्रक्षेत्रावर बोलवा. बारा वाफे शेजारी शेजारी उभे असताना कोणता वाण लोळतो, कोणाचे घाटे पोकळ राहतात, हे त्यांच्या नजरेला तुमच्या तक्त्याच्या आधी दिसेल, आणि ते टिपून घेण्यासाठी वही जवळ ठेवा.